निघताना काय म्हणालात?

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाही ठेवला तरी माझं काही अडत नाही. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय आणि माझी मावशी थापा मारत नाही. ती कपडे शिवते. "उद्या नक्की देते" एवढी एकच थाप तिला येते, आणि ती तर जगातले सगळेच शिंपी मारतात.

भुताच्या गोष्टी म्हणे रात्री बाराच्या असतात.

ही नाही.

बुधवार होता. सकाळचे अकरा वाजून गेलेले. बाहेर लख्ख ऊन.

पण आधी मावशीचं एक खूळ सांगायला हवं. घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. आपण सगळेच तसं म्हणतो हो, पण मावशीचं भलतंच कडक. तिच्या घरातून निघताना कोणी चुकून 'जातो' म्हणालं की ती त्याला परत आत बोलावणार, बसवणार, ग्लासभर पाणी देणार आणि मग नीट 'येतो' म्हणवून घेऊनच सोडणार. कुरिअरवालासुद्धा यातून सुटलेला नाही.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, तिची मुद्दाम खोडी काढायचे. काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. रोज निघताना दारातून ओरडायचे, "जातो गं!" की मावशी शिवणयंत्र सोडून धावत यायची.

एका सकाळी हातात घाईचं काम होतं. ती उठली नाही.

त्याच दुपारी काकांना दुकानात हार्ट अटॅक आला.

वाचले. पण दवाखान्यात त्यांचा हात हातात घेऊन मावशी म्हणाली, "तुम्हाला माझी शपथ आहे. पुन्हा तो शब्द तोंडातून काढायचा नाही." काकांनी मान हलवली. त्यानंतर तीन वर्षं त्यांनी गमतीतसुद्धा 'जातो' म्हटलं नाही.

हे लक्षात ठेवा.

तर त्या अटॅकनंतर तिसऱ्या वर्षी दोघं चार दिवस समुद्रावर गेली. त्यांची मुलगी, आमची चिमू, सात-आठ महिन्यांची गरोदर होती. पहिल्या खेपेला बाळ गेलं होतं. त्या वेळी मावशी वेळेवर पोचली नव्हती आणि ते तिच्या मनातून कधी गेलंच नाही. म्हणून बाळंतपणाच्या महिनाभर आधी थोडी विश्रांती घेऊन यायचं आणि मग लेकीजवळ ठाण मांडून बसायचं, असं ठरलं होतं.

गाव छोटं. जुनं बंदर. गल्ल्या इतक्या अरुंद, की गाडी आत जातच नाही. दगडी घरं, प्रत्येक दारावर बांधल्याचं साल कोरलेलं. त्यातलंच एक बसकं घर त्यांनी भाड्याने घेतलं होतं. हिरवं फाटक, हिरव्या खिडक्या, बाहेरची एक खोली, स्वयंपाकघर, आणि आत कुलूप लावलेली आणखी एक खोली. मालकांचं सामान आहे म्हणे.

किल्ली द्यायला एक बाई आली. फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही तिने. बाहेरूनच हात लांब करून किल्ली दिली, नळ कुठे, दिव्याचं बटण कुठे ते बोटाने दाखवलं आणि वळून चालू लागली. ना 'येते', ना 'बरंय'.

"काय माणूस आहे!" मावशी फणकारली. "मूग गिळून गेली की हो."

समुद्र घरापासून पन्नास पावलांवर. पण आत गेलं की...

लाटांचा आवाज बंद.

खिडक्या सताड उघड्या असल्या तरी बंद.

"भिंती बघ केवढ्या जाड आहेत," काका खूश होऊन म्हणाले. "जुनं काम ते जुनं काम."

दोन दिवस छान गेले. फिरायला निघताना मावशी सवयीने रिकाम्या घराला सांगायची, "येते हं."

"कोणाला सांगतेस? पालीला?" काका हसायचे. पण मागोमाग तेही म्हणायचे, "येतो बरं का, पालबाई."

मंगळवारी संध्याकाळी मावशी अशीच "येते हं" म्हणाली आणि आतून आवाज आला...

"ये."

हळू. बाईचा. अगदी घरातल्या माणसाने म्हणावं तसा.

"पुरे झाली चेष्टा," मावशी म्हणाली.

"कसली चेष्टा?" काका फाटकाबाहेर उभे राहून बुटाची नाडी बांधत होते.

मावशीने मनावर घेतलं नाही. फिरून परत यायचंच होतं, आणि आली.

मग बुधवार उजाडला.

सव्वाअकराला जावयांचा फोन आला. चिमूचं बीपी एकदम वाढलं होतं. डॉक्टर म्हणत होते, आजच बाळ काढायला हवं. मागून चिमूचा रडका आवाज आला, "आई, तू ये ना गं... तू आलीस की मी आत जाते."

"येते गं बाई, येते! आत्ता निघते!" मावशी फोनवर ओरडलीच.

आणि आतल्या कुलूपबंद खोलीतून...

"ये."

या वेळी काकांनीही ऐकलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पण आता घाबरायलाही वेळ नव्हता. दिवसाची एकच बस, बारा वीसची. ती चुकली तर थेट उद्या. बॅगा कोंबल्या, दाराला कुलूप घातलं आणि सवयीने दोघंही बोलून गेली. "येते हं." "येतो."

बसस्टँड दहा मिनिटांवर. फाटकातून डावीकडे, विहिरीपाशी उजवीकडे, मग सरळ. हाच रस्ता त्यांनी दोन दिवस तुडवला होता. डावीकडे वळले. विहीर आली. उजवीकडे वळले. सरळ चालले...

समोर हिरवं फाटक.

"म्हातारे झालो आपण," काका म्हणाले. हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं.

मावशीचं लक्ष दाराकडे गेलं. कुलूप निघालेलं होतं. दार उघडं. आणि उंबऱ्याच्या आत घरात वापरायच्या सपातांचे दोन जोड नीट मांडून ठेवलेले. बाहेरून आलेल्या माणसाने नुसते पाय घालायचे, असे.

"वाऱ्याने उघडलं असेल," काका म्हणाले.

वारा सपाता मांडतो का हो?

पुन्हा कुलूप घातलं. पुन्हा "येते". जिभेला लागलेली सवय, काय करणार!

या वेळी समुद्राच्या कडेने निघाले. दगडी बांध सरळ बसस्टँडपर्यंत जातो. चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला घरांच्या पाठी. मावशी जवळजवळ धावतच होती. वाटेत एक माणूस दिसला नाही. एक कावळा ओरडला नाही. लाटा किनाऱ्यावर आपटत होत्या...

पण आवाज नव्हता.

बांध संपला. समोर हिरवं फाटक.

काकांनी घड्याळ पाहिलं. बारा वाजायला सात मिनिटं. ते घड्याळ त्यांनी स्वतः लावलेलं, सेकंदाने चुकत नाही.

दार पुन्हा उघडं. सपाता तिथेच. आणि शेजारी स्टुलावर पाण्याचे दोन ग्लास, झाकण ठेवलेले. बाहेरून आलेल्या माणसांसाठी.

मावशी तिथेच बसून रडायला लागली. "माझी पोर वाट बघतेय हो! पुन्हा तेच होणार! पुन्हा मी पोचणार नाही!"

काकांनी किल्लीवाल्या बाईला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"अहो ताई, आम्हाला बसस्टँडचा रस्ताच सापडत नाहीये. फिरून फिरून इथेच येतोय."



तिने उलट विचारलं, "निघताना काय म्हणालात?"

"काय म्हणणार? येतो म्हणालो! सगळेच म्हणतात."

"मी नाही म्हणत," ती बाई म्हणाली. आणि फोन ठेवला.

मावशीचं रडणं थांबलं. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन दिवसांत ती किती वेळा 'येते' म्हणाली होती! आणि कोणीतरी आत बसून दर वेळी तिचा शब्द खरा मानत होतं. परत आली की सपाता, परत आली की पाणी. मावशी स्वतःच्या घरी लोकांना करायची, अगदी तेच.

म्हणजे आता दुसरा शब्द म्हणायला हवा होता.

जो तिने जन्मात उच्चारला नव्हता. आणि तोही नेमका आज, लेकीला ऑपरेशनला घेणार त्या दिवशी. तो शब्द तोंडातून निघाला आणि तिकडे काही वेडंवाकडं झालं, तर?

पण इथे अडकून पडलं तरी पोर एकटीच पडणार होती.

मावशीने उंबऱ्याला हात लावला. डोळे मिटले.

"जाते," म्हणाली. "मी जाते."

आतून काहीच आलं नाही. आणि मग...

समुद्राचा आवाज. एकदम, कानात भरून. कावळे. लांब कुठेतरी बसचा हॉर्न.

"अहो, ऐकू येतंय! तुम्ही पण म्हणा, लवकर म्हणा!"

"तू फाटकाबाहेर हो. मी कुलूप घालून म्हणतो."

मावशी फाटकाबाहेर गेली. वळून पाहिलं, तर काका दाराशी वाकून काहीतरी पुटपुटत होते. एका शब्दाला लागावा त्यापेक्षा जास्त वेळ. मग ते आले.

"म्हणालात ना?"

"म्हटलं, चल."

डावीकडे वळले. विहीर. उजवीकडे, सरळ... आणि बसस्टँड! ड्रायव्हर गाडी सुरू करून बसलाच होता.

संध्याकाळी मावशी पोचली तेव्हा डॉक्टर चिमूला आत नेत होते. तिने लेकीचा हात धरला. पाऊण तासात नात झाली. चणीने लहान, पण सणसणीत रडणारी. सगळं छान झालं.

इथे गोष्ट संपली असती, तर मी लिहीत बसले नसते.

नात दीड वर्षांची असताना एकदा काका दूध आणायला गेले. दुकान दोन गल्ल्यांवर. परत आले तीन तासांनी. कुठे होतात म्हटलं, तर त्यांनाच नीट सांगता येईना. बूट काढले आणि त्यातून...

वाळू पडली. ओली.

आमच्या शहरापासून समुद्र सहा तासांवर आहे.

मग महिन्यातून एकदा असं व्हायला लागलं. मग दर आठवड्याला. गेल्या रविवारी मावशीने त्यांना समोर बसवलं. मी तिथेच होते.

"खरं सांगा. त्या दिवशी दाराशी काय म्हणालात?"

काका घड्याळाचा पट्टा चाचपत राहिले.

"तुझी शपथ होती ना," म्हणाले. "ती मोडायची कशी? आणि पोरीला आत नेणार होते. तू तो शब्द काढलास, तोच एक जास्त झाला होता. आणखी मी कुठे काढू? म्हणून त्या आतल्या बाईला म्हटलं, हिला आज जाऊ दे. पोर वाट बघतेय. आज मलाही हिच्यासोबत राहू दे. मी... मी येतो नंतर."

मावशीने विचारलं, "आणि ती काय म्हणाली?"

काका हसले. बिचारे, अपराधी हसले.

"काय म्हणणार? ये म्हणाली."

मावशी त्यांना बिलगून इतकी रडली, की मला तिथे बसवेना. मग उठली, डोळे पुसले आणि म्हणाली, "शपथ सुटली. ऐकताय? मी सोडली शपथ. आता म्हणा जातो."

काकांनी प्रयत्न केला. आमच्या देखत केला. ओठ हलायचे, 'जा' म्हणायला जबडा उघडायचा, आणि बाहेर यायचं ते... 'येतो'.

आज सकाळी मी मावशीकडेच होते. अकराला काका उठले, बूट घातले. घड्याळाची बॅटरी आणायची म्हणाले. मावशी दारात आडवी उभी राहिली. जिने आयुष्यभर लोकांना त्या एका शब्दावरून परत बोलावलं, ती हात जोडून म्हणत होती, "अहो, जातो म्हणा ना. एकदाच. माझ्यासाठी म्हणा."

काकांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिला हलकेच बाजूला केलं.

"येतो गं," म्हणाले.

आणि आमच्या मागून, घराच्या आतून...

"ये."

मावशी माझ्या शेजारी होती. घरात तिसरं कोणी नव्हतं.

आम्ही धावत खाली उतरलो. गल्ली सरळ आहे, टोकापर्यंत दिसते. काका कुठेच नव्हते.

त्या किल्लीवाल्या बाईला मी सहा वेळा फोन लावला. सातव्यांदा उचलला. मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "घरात दिवा लागलाय. सपातांचा एकच जोड उंबऱ्याशी उरला होता, तोही आत गेलाय." आणि फोन ठेवला.

आता साडेपाच वाजलेत. मावशी स्वतःची आणि काकांची बॅग भरतेय. आत्ताच विचारत होती, तिथे पोचल्यावर दारातून त्यांना नक्की काय म्हणून हाक मारायची.

'या' म्हणावं, तर तसं तीही म्हणते.