पाहुण्याची खुर्ची

बाबांचा डावा पाय ओढायला लागला तेव्हा मला आधी रागच आला. नवरा, कौस्तुभ, साइटवर. घरचं-दारचं सगळं माझ्या डोक्यावर, आणि त्यात हे. बाबा म्हणजे माझे सासरे, मधुकर. वय अठ्ठ्याहत्तर, पण इकडे हिंदी मुलखात बरखेड्याच्या बाजारात पिशवी घेऊन माझ्यापुढे चालणारा माणूस. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि हसले. "मॅडम, घुटना तो लड़कों जैसा है. दर्द कहाँ से आएगा?"

मी कारखान्यात क्वालिटीत आहे. यंत्र कुरकुरलं की कारण सापडेपर्यंत मला चैन पडत नाही, आणि भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. इथे कारणच सापडेना. घरी आलो तर बाबा पुन्हा पाय ओढत आत गेले.

मग खुर्ची. बाबांची वेताची खुर्ची वर्षानुवर्षं खिडकीशी होती. एके दिवशी ती भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून ठेवलेली. जेवताना ताटाभोवती चित्राहुती घालायचं त्यांनी सोडलं. "काय बाबा, देवाशी भांडण झालं वाटतं?" मी चेष्टेत म्हटलं. त्यांनी ताटाकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं. धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात कागदाची पुडी निघाली. उघडली, तर मीठ. दुसऱ्या शर्टातही मीठ. घरात किलोभर मीठ असताना माणूस खिशात पुड्या बांधून ठेवतो म्हणजे काय?

"वय झालं गं," नागपूरहून नणंद वैजयंती फोनवर म्हणाली. मीही तेच धरून चालले होते.

पण जुईचं काय? माझी जुई चौथीत आहे. दुपारी शाळेतून येते आणि मी येईपर्यंत आजोबांपाशी असते. त्या मंगळवारी मी घरी आले तर पोर पायरीवर बसलेली, उन्हानं तोंड लालबुंद, बाटलीतलं पाणी संपलेलं.

"आजोबा दरवाजा खोलतच नव्हते! आतून विचारत होते, कौन है, किसने भेजा. मी म्हटलं, आजोबा, मी जुई. तर म्हणाले, यहाँ कोई जुई नहीं रहती."

माझं डोकं फिरलं. आत जाऊन मी वाट्टेल ते बोलले. उद्याच्या उद्या नागपूरला पाठवते म्हटलं. बाबा खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. मग त्यांनी हात जोडले. सासऱ्यानं सुनेपुढे हात जोडावेत! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पाठव," ते म्हणाले. "पण आधी मला या खुर्चीतून उठव. मी तसाच गेलो तर तिकडे मी नसेन."

बाबा सैन्यात होते, गुप्तवार्तेत होते, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्यांनी काम काय होतं ते सांगितलं. एकाहत्तरची लढाई. सरहद्दीजवळ एक रिकामी शाळा, तिच्यात एक खुर्ची. पलीकडचा एक अधिकारी बाबांच्या वाट्याला दिलेला. त्याचं नाव घ्यायचं नाही. सगळे त्याला 'पाहुणा' म्हणत. कैद्यांकडून, वायरलेसवरून जे कळेल ते बाबांनी अंगात भिनवायचं. तो कधी चिडतो, कुणावर विश्वास ठेवतो, कसा बसतो. मग खुर्चीत बसायचं आणि तो होऊन उत्तरं द्यायची. साहेब विचारत, पाहुणे, उद्या काय करणार? बाबा सांगत. बहुतेकदा तसंच घडे.

"उठताना एक शिस्त होती," बाबा म्हणाले. "समोरचा विचारायचा. तुझं नाव? आईचं नाव? आज सकाळी काय खाल्लंस? आपली खरी उत्तरं दिल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही."

"मग?"

"मग लढाई थांबल्याची बातमी आली. पोरांनी टोप्या उडवल्या. एकानं मला हाताला धरून खेचत बाहेर नेलं. विचारायचं कुणाला सुचलंच नाही."

"अहो, पण इतकी वर्षं तर काही झालं नाही."

"इतकी वर्षं तो त्याच्या घरी होता. माझा पाय ओढायला लागला त्या दिवशी गेला."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कोण सांगणार?" बाबांनी डावा गुडघा चोळला. "त्याच्या चौकीतलं मीठ संपलंय, हे कैद्यांनी सांगितलं होतं. गुडघ्याचं मात्र आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं गं. आणि शेवटच्या सकाळी त्यानं काय खाल्लं, तेही कधी कळलं नाही."

मी मनात म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचं समाधान होतंय ना, करून टाकू. माझं काय जातंय?

रविवारी सकाळी अयोध्या नगरच्या नाक्यावरून गरम जिलबी आणली, घरी पोहे केले. तिघांनी पोटभर खाल्लं. मग बाबा खुर्चीत बसले आणि मी समोर स्टूल ओढलं. जुई दारात उभी राहून खुदुखुदु हसत होती.

"तुमचं नाव?"

बाबांच्या कपाळावर घाम. पंख्याखाली बसलेल्या माणसाला इतका घाम कसा येतो, मला कळेना. मी पुन्हा विचारलं. मग पुन्हा.

"मधुकर."

"आईचं नाव?"

"सावित्री."

"सकाळी काय खाल्लंत?"

"पोहे. जिलबी." आणि ते ढसाढसा रडायला लागले.

उठले. सरळ चालत जुईपाशी गेले, तिला जवळ घेतलं. "जुई, माझी जुई," म्हणत राहिले. पाय अजिबात ओढत नव्हता. देवा रे, इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. नागपूर-बिगपूर सगळं रद्द! मी स्टूल बाजूला सारलं. समोर होती ती खुर्ची. मी बसले.

पंखा फिरत होता. दार समोर होतं. त्या दारातून कोण येईल, असं उगाच मनात आलं.

"आई, चल ना, जिलबी उरलीये."

मी उठायला गेले. डाव्या गुडघ्यातून कळ आली.

जुईला खेळ आवडला होता. "थांब, थांब! तुझं नाव?"

"क्षितिजा," मी हसून म्हटलं.

"तुझ्या आईचं नाव?"

"रजनी."

"सकाळी काय खाल्लंस?"

"राखेत भाजलेलं रताळं," मी म्हणाले. "अळणी."

जुई खो खो हसली.

बाबा हसले नाहीत. त्यांनी माझ्यावरची नजर न काढता जुईचा हात धरला आणि तिला हळूच आपल्या पाठीमागे घेतलं.