झुरी की सोनपाथरी

सकाळी दहाच्या उन्हात बायडाक्का कोळेकरने काठीच्या एका फटक्यात सरकारी निंदणी फोडली. मग दुसरी फोडली. तळहाताएवढी, सहा पायांची ती यंत्रं माळावर हजारोंनी फिरत होती. पिवळं फूल दिसलं की वरून निरखायची, निवाडा करायची आणि मुळाशी सुई खुपसून विष सोडायची. मेंढरांना त्यांची इतकी सवय झाली होती की ती खुशाल त्यांना ओलांडून चरत. बायडाक्काला सवय झाली नव्हती आणि करून घ्यायचीही नव्हती.

तिसरीवर काठी उगारली तोवर जीप आली. आतून डॉ. यमुना देवस्थळी उतरल्या. वनस्पतींच्या वर्गीकरणातलं हे मोठं नाव. निंदण्यांना फुलं ओळखायला यांनीच शिकवलेलं.

"सरकारी मालमत्ता फोडताय, बाई. आत जाल."

"घाला की आत. मेंढरं बी संगट घ्या. सोळा मेली ह्या महिन्यात."

"झुरी खाऊन मेली. म्हणून तर ही यंत्रं आणली."

पाऊस आटत गेला आणि माणदेशाचा हा पट्टा कागदोपत्रीही वाळवंट ठरला, तेव्हापासून झुरी ही विषारी वनस्पती माजली होती. पूर्वी ओढ्याकाठी एखादी दिसायची, आता माळच्या माळ तिने व्यापले. मेंढीच्या पोटात गेली की आठवड्यात यकृत नासायचं. पंचाईत अशी, की तिची चुलतबहीण सोनपाथरी अगदी तशीच दिसे, आणि या रखरखाटात मेंढरांना जगवणारा चारा तेवढाच उरला होता. दोघी सूर्यफुलाच्या कुळातल्या. बारीक बारीक फुलांचा गुच्छ करून तो एकच फूल असल्याची बतावणी, ही या कुळाची जुनी खोड. वरून पाहणाऱ्याला त्या दोघींतला फरक मोठ्या मुश्किलीने कळे. निंदण्यांना मात्र कळतो, असा देवस्थळींचा दावा होता.

"झुरीला हात तरी लावत्यात का ही?" बायडाक्का ओरडली. "सोनपाथरीच मारत्यात. मग मेंढरं उपाशी झुरीला तोंड लावत्यात. चोर सोडून संन्याशाला फाशी! पल्याडचे समदे माळ गेले. दुपारपतुर ह्यो बी जाईल. मग कुठं जाऊ म्या?"

देवस्थळी हसल्या. ते हसू चांगलं नव्हतं. "तीस वर्षं मी हेच करतेय. तुम्ही मला फुलं शिकवणार?"

"शिकविते की. बसा खाली."

देवस्थळी बसल्या नाहीत. बायडाक्काने निंदणीने मारलेलं एक रोप उपटलं आणि त्याचं पिकलं बोंड त्यांच्या नाकासमोर धरून फुंकलं. केसाळ बियांच्या पांढऱ्या म्हाताऱ्या भुर्रकन उडाल्या.

"ही सोनपाथरी. फुकलं की उडती." मग यंत्रांनी जिवंत ठेवलेल्या रोपाचं बोंड तोडून तिने जवळच्या मेंढीच्या पाठीवर चोळलं. "ही झुरी. हिची म्हातारी उडत न्हाय, लोकरीत रुतून बसती. लोकर कातरताना आमच्या बोटांची चाळण हुती. कुण्या बी कातरणाऱ्याला इचारा."

देवस्थळींनी भिंग काढलं. झुरीच्या बीजावरच्या केसांना बारीक काटे असतात, हे त्यांनीच लिहून ठेवलं होतं. मेलेल्या रोपाच्या बीजांवरच्या केसांना काटे नव्हते. त्यांनी दुसरं मेलेलं रोप उपटलं. तिसरं, चौथं. कुठेच काटे नव्हते.

ज्यावरून जात ओळखली जाते, त्या झुरीच्या मूळ नमुन्याचं छायाचित्र त्यांनी घाईने फोनवर उघडलं. जाड कागदावर डावीकडे फुलांची डहाळी, उजवीकडे बोंडांची, खाली त्यांचंच तरुणपणीचं अक्षर. नंतरचं प्रत्येक छायाचित्र या डहाळीवरच्या फुलांशी ताडून 'झुरी' ठरवलं होतं आणि निंदण्या त्यावरच शिकल्या होत्या. उजवीकडची बोंडं झुरीचीच होती. पण फुलं? त्या पहिल्या मोहिमेत फूल आणि फळ दोन्ही असलेलं एकही रोप मिळालं नव्हतं. अपुरा नमुना त्यांचे संशोधनातले मार्गदर्शक फेकून देत. तेव्हा त्यांनी एका रोपाचं फूल घेतलं, शेजारच्याचं बोंड घेतलं आणि दोन्ही एकाच कागदावर चिकटवली. दोन्ही रोपं एकाच जातीची असणार, असं धरून चालल्या. डहाळी देखणी बसली म्हणून खूशही झाल्या होत्या.

ते फूल सोनपाथरीचं होतं, हे आता त्यांना कळलं आणि राग आला. स्वतःचा यायला हवा होता, आला बायडाक्काचा.

"हे आधी का नाही सांगितलंत?" त्या किंचाळल्या.

बायडाक्काने काठी माळाकडे रोखली. आजूबाजूला सुया जमिनीत शिरत होत्या.

यंत्रं थांबवायची तर एकच वाट होती. 'मूळ नमुना सदोष' असं कारण देऊन अंगठ्याचा ठसा द्यायचा. तसं केलं की त्यांच्या नावाचा सगळा नमुनासंच बाद होणार होता. आयुष्यभराची कमाई जाणार होती. देवस्थळींचा अंगठा फोनच्या काचेवर अधांतरी राहिला. तेवढ्यात पायाजवळच्या निंदणीने आणखी एक सोनपाथरी संपवली. त्यांनी डोळे मिटून अंगठा टेकवला.

माळभर यंत्रं जागच्या जागी बसली. मेंढरांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या.

बायडाक्काने कंबरेच्या पिशवीतून घड्या पडून फाटत आलेला कागद काढला. तिचाच अर्ज होता, गेल्या वर्षी परत आलेला. खाली शेरा होता : 'तक्रारदारास वनस्पतींची ओळख नाही.'

"आधी का न्हाय सांगितलं म्हंता? ह्ये बगा, सांगितलं हुतं. पल्याडच्या समद्या वाड्यांवरनं बी असंच अर्ज गेल्ते. शेरा वाचून घेतला म्या. खालची सही मातुर आमच्यात कुणालाच लागंना." तिने कागद देवस्थळींच्या हातात दिला. "तुमची नजर बारीक हाय, म्याडम. कुणाची हाय ती, वळखून सांगता का?"