मार्लीनचं एक मिनिट

पटो न पटो, हे घडलंय. शेवटचा भाग तर मी माझ्या कानांनी ऐकलाय.

अमेरिकेतलं मिलवॉकी शहर. एप्रिलमधला रविवार. दुपारचे तीन... बाहेर लख्ख ऊन.

माझं नाव जो. वेन्डेल माझ्या थोरल्या बहिणीचा, मार्लीनचा नवरा. तो सिटी बसचा ड्रायव्हर. ती चष्म्याच्या दुकानात कामाला. मूलबाळ नव्हतं. दोघांना खूळ एकच, फिल्म बनवायचं. दर रविवारी, घरातल्या घरात, जुन्या कॅमेऱ्यावर. लिहायचा तो, काम करायची ती. शूटिंग आटोपलं की कोपऱ्यावरून फ्रोझन कस्टर्डचे, म्हणजे आइस्क्रीमसारख्या घट्ट कस्टर्डचे, दोन कप आणायचे, असं ठरलेलं. पण मार्लीनला कुठला धीर! तिचा कप शूटिंग संपायच्या आत हातात असायचा.

शूटिंग झालं की वेन्डेल त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायचा. पूर्ण एक मिनिट. संवादांमधल्या फटी त्या शांततेनेच बुजवायच्या, नाहीतर आवाज तुटका वाटतो.

मार्लीनला ते एक मिनिट कधी जमलं नाही.

आधी कपात चमचा खरवडायची. मग नाकात श्वास रोखायची. आणि चाळिसाव्या सेकंदाला फिस्सकन हसायची.

"अगं बाई, एक मिनिट तोंडाला कुलूप लाव की!"

"तुझं थोबाड बघ ना! बसमध्ये कुणी ओकल्यासारखं करतोस!"

फेब्रुवारीत मार्लीन गेली. दुकानात, उभ्या उभ्या, हृदय बंद पडून. बेचाळीस वर्षांची होती.

शेवटची फिल्म अर्धवट राहिली. स्वयंपाकघरातला तिचा प्रसंग घेऊन झाला होता. फक्त त्या खोलीची शांतता राहिली होती. मे महिन्यात वाचनालयात ती फिल्म दाखवायचं ठरलं होतं. तिच्यासाठी एवढं तरी पूर्ण करायचं, असं वेन्डेलने मनात धरलं.

त्या रविवारी त्याने फ्रिज बंद केला. खिडक्या लावल्या. खालचे भाडेकरू गावाला गेलेले. एक मिनिट तो जागचा हलला नाही.

मग हेडफोन लावून ऐकलं.

दहा सेकंद... काही नाही.

वीस सेकंद...

खर्र... खर्र...

कागदी कपात चमचा.

त्याने पुन्हा रेकॉर्ड केलं. खोलीत चिटपाखरू नव्हतं, कानाला काही ऐकूही येत नव्हतं. रेकॉर्डिंगमध्ये मात्र... चमचा. आणि नाकात रोखलेला श्वास.

हसू तेवढं आलं नाही.

त्याने मला बोलावून घेतलं. मी ऐकलं आणि अंगावर सर्रकन काटा आला. तो श्वास मी लहानपणापासून ओळखते. चर्चमध्ये माझ्या शेजारी बसून ती अस्साच रोखायची.

"पुसून टाक हे, वेन्डेल."

"वेडी आहेस का, जो? तीच आहे ती!"

"मग हसत का नाही?"

तो खुर्चीत बसला.

"शेवटच्या वेळी मी भडकलो होतो गं तिच्यावर. खरंखुरं. म्हटलं, तुझ्यामुळे माझं एक काम धड होत नाही. हिरमुसली बिचारी. उरलेलं कस्टर्ड सिंकमध्ये ओतलं आणि निघून गेली. रेकॉर्डिंग राहिलं ते राहिलंच... नवव्या दिवशी ती गेली."

मला रडू आवरेना. माझी बहीण मेल्यावरही त्याच्यासाठी गप्प बसायला बघत होती.

पुढे रोज कामावरून आला की वेन्डेल एक मिनिट रेकॉर्ड करायचा. सुरू करण्याआधी विनवायचा, "हस ना गं. बिघडव की माझं काम."

रोज चमचा कमी कमी वाजू लागला. श्वास हळू होत गेला.

त्याच आठवड्यात शनिवारी मी तिथेच होते. रेकॉर्ड करून झालं आणि आम्ही ऐकायला बसलो. हेडफोनचा एक कान त्याला, एक मला.

चाळीस सेकंद... काही नाही.

पन्नास...

साठ.

आणि मग अगदी जवळून, रागावलेल्या माणसाला भीत भीत विचारावं तसा आवाज आला.

"झालं का रे एक मिनिट?"

वेन्डेलच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "झालं."

आम्ही पुन्हा लावून पाहिलं... तो आवाज नव्हता. चमचा नाही, श्वास नाही. नुसतं रिकामं स्वयंपाकघर. त्यानंतर तिथे कितीही वेळा रेकॉर्ड केलं, तरी कधी काही आलं नाही.

फिल्म मे महिन्यात दाखवली. तिच्या बोलण्याखाली शनिवारचं तेच मिनिट आहे. आवाज कुठेही तुटत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा वेन्डेल बाहेर पायरीवर बसला होता.

"मी 'नाही' म्हणायला हवं होतं, जो," तो म्हणाला. "नाही झालं म्हटलं असतं, तर थांबली असती ती."

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. थांबली असती, हे खरं. पण गप्प बसूनच ना?

ती कुठे गेली, ठाऊक नाही. तिथे तरी तिला मोकळं हसता येत असेल का, एवढंच डोक्यात येत राहतं. घरात फार शांत झालं की मी अजूनही उठून रेडिओ लावते.