मामा उठले, पक्षी बसले

"एकसुद्धा पक्षी उतरत नाही!" विद्याधरमामांनी दुर्बीण मांडीवर आपटली. "आजही नाही!"

शुभाला आता रडू यायचंच बाकी होतं. रोज भर उन्हात अंधेरीहून मढला यायचं, महादूकाकांच्या होडीतून कासवखडपावर उतरायचं आणि मामांची कुरकुर ऐकायची. याला म्हणे सुट्टी! ओहोटीला या इवल्याशा बेटाभोवती कमरेइतका चिखल, म्हणून होडी भरतीलाच निघे. भरतीत बेटाचा उरे फक्त एक उंचवटा. त्यावर मामांची घडीची खुर्ची, काळी छत्री आणि कानाशी ट्रान्झिस्टर लावलेले त्यांचे मित्र मधुकरराव!

"संपला विषय! संध्याकाळी पक्षिमित्र मंडळाच्या सभेत मी हरकत मागे घेतो. बांधू दे त्या कंत्राटदाराला इथे सहलीची शेड."

चिखले नावाचे इवलेसे पक्षी दर वसंतात या किनाऱ्यावर खाऊन ताकद भरतात आणि थेट हिमालयापलीकडे जातात, हे मामांनीच शुभाला शिकवलं होतं. शेड झाल्यावर ते कुठे जाणार?

"मामा, असं नको ना रे करू!"

"शू! पक्षी बुजतील!"

"कुठले पक्षी?" शुभाचा धाकटा भाऊ नंदू फिस्सकन हसला.

"ते बग, परत आली पाखरं!" महादूकाकांची मुलगी सगुणा होडीतून ओरडली.

मोठा थवा घिरट्या घालत खडपाकडे उतरला, छत्रीजवळ आला आणि भर्रकन वर गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला!

"वेडे आहेत का यार?" नंदू म्हणाला.

शुभाने चहूकडे पाहिलं. चिखल पाण्याखाली, वाळू पाण्याखाली. पाय टेकायला कोरडा असा हा एकच उंचवटा.

"अरे देवा! ते इथे विसावा घ्यायला येतायत, आणि आपण त्यांच्या जागेवर पथारी पसरलीय! मामा, ऊठ आधी!"

"शुभा, तू रांगत होतीस तेव्हापासून मी पक्षी बघतोय. मध्ये मध्ये बोलू नकोस!"

हद्द झाली! पक्ष्यांसाठी जीव टाकणारा माणूस पक्ष्यांच्या उरावर बसला होता आणि वर ऐकायला तयार नव्हता. शुभा तणतणत होडीशी गेली. नंदूही मागोमाग आला. सगुणासह तिघांची डोकी एकत्र आली, आणि सगुणाने खणखणीत हाक मारली, "मामानू, आयनं ताजी कोलबी तललीय! थंड झाली तर मजा नाय!"

मामा उठले! मधुकरराव तर त्यांच्याही आधी होडीत. नंदूने छत्री मिटली, खुर्ची उचलली.

जरा अंतरावर शुभा म्हणाली, "काका, थांबवा वल्ही! मामा, मागे बघ!"

थवा उतरत होता. बघता बघता उंचवटा पाखरांनी भरून गेला. छातीवर तांबूस रंग चढलेले चिखले एका पायावर उभे राहून, चोची पिसांत खुपसून चक्क झोपले.

मामांनी दुर्बीण उचललीच नाही. "किती दमलेत गं," ते हळूच म्हणाले. "आणि मीच त्यांना टेकू देत नव्हतो."

संध्याकाळी सभेत मामांनी सगळं कबूल केलं, हरकत कायम ठेवली आणि भरतीला खडपावर कुणी उतरायचं नाही असा ठराव मांडला. सगळे हात वर झाले! अध्यक्षांनी मुलांना पुढे बोलावून तोंड भरून कौतुक केलं.

"शाबास, पोरी!" मामांनी शुभाची पाठ थोपटली. "आता उद्या मी कुठे बसायचं, ते तूच सांग."

"घरी!" शुभा म्हणाली.