न नोंदलेले प्रवासी

अरुणनगरच्या वसाहत-प्रयोगशाळेत भिंतभर नकाशा उजळला आणि सातव्या विभागातले एक घर हिरवे झाले. 'स्थलनिर्णायक' यंत्राने ते डोंगरदिवे कुटुंबासाठी निवडले होते. प्रल्हाद डोंगरदिवे समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या कारखान्यात दुपारपाळीचा तंत्रज्ञ म्हणून रुजू होणार होता. कारखाना त्या घरापासून दहा मिनिटांवर, शिवाय खोल्या ऐसपैस. घराचा करार दहा वर्षांचा. त्याने सहीसाठी पेन उघडले.

"थांबा," त्याची बायको सुलभा म्हणाली. "यंत्रानं हे कसं ठरवलं ते आधी कळू द्या."

वाशिमहून येताना तिने एकच गोष्ट मनाशी पक्की केली होती. इथल्या महाविद्यालयात मातीच्या परीक्षणाच्या शिक्षणक्रमाला तिला प्रवेश मिळाला होता. वर्ग नऊ ते एक. धाकटा ओजस बालवाडीत जाईपर्यंत तिने त्यासाठी चार वर्षे कळ काढली होती.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. टिपणीस यांना असा प्रश्न विचारणारी माणसे आवडत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"घर, प्रवास आणि शाळा. तिन्हींची जात वेगळी, मग एका तराजूत कशी घालायची? आम्ही तिन्हींची मिनिटं करतो. घर लहान असेल तर अंघोळीला रांग, एकाच टेबलावर सगळ्यांचा अभ्यास, त्यात मिनिटं जातात. शाळेत मुलं जास्त झाली तर एकेकाच्या वाट्याला बाईंची मिनिटं कमी येतात. प्रवास तर मिनिटांचाच. ज्या घरात तुमची सर्वांत कमी मिनिटं वाया जातात, ते तुमचं घर."

सुलभाने बोटे मोजायला सुरुवात केली. साऱ्या शहराची एकच शाळा, बालवाडीसकट, तिसऱ्या विभागात, चालपट्टीने, म्हणजे सरकत्या रस्त्याने, वीस मिनिटांवर. नऊ वर्षांच्या तनिष्काची शाळा आठला भरणार, ओजसची बालवाडी दहाला. तो बाराला सुटणार, ती दोनला. दर वेळी जायचे आणि परत यायचे.

"आठ खेपा. एकशे साठ मिनिटं," ती म्हणाली. "यात ती कुठे आहेत?"

प्रल्हादने सुचवले की तिने मधल्या वेळात शाळेतच बसावे.

"मग घर कायले घेता? शाळेच्या पायरीवरच बिऱ्हाड मांडू."

डॉ. टिपणीसांचे सहकारी मुजावर हसू दाबत कुटुंबाचा अर्ज उघडून पाहू लागले. सुलभाच्या नावापुढे, 'रोजचा प्रवास' या रकान्यात, 'काही नाही' असे होते.

"हे कोणी लिहिलं?" मुजावरांनी विचारले.

सुलभाने तो रकाना पाहिला. "मीच," ती म्हणाली. "नोकरी नाही, प्रवेशही तेव्हा पक्का नव्हता. मी घरीच असते, असंच लिहितात ना सगळ्या."

मुजावरांचे हसू गेले. चालपट्टीखालचे संवेदक दोन वर्षे त्यांचा जीव खात होते. शाळेच्या वाटेवर रोज हजारो जास्तीची पावले नोंदली जात आणि ती कोणाची, हे कोणत्याच अर्जावरून कळत नसे. संवेदक बिघडले असे समजून त्यांनी ते दोनदा बदलले होते. आता त्यांनी सगळे अर्ज चाळायला लावले. एकतीस हजारांपैकी सव्वीस हजार अर्जांत घरातल्या एका मोठ्या माणसापुढे 'काही नाही' होते.

"संवेदक खरं बोलत होते," डॉ. टिपणीस सावकाश म्हणाल्या. "आपणच या बायकांना घरी बसवलं होतं."

त्यांनी ती पावले मोजणीत घेतली. साऱ्या शहराला एकदम तिसरा विभाग सोयीचा ठरला, आणि तिथे घरे होती सहाशे. त्या घरांच्या प्रतीक्षायादीत सुलभाचा क्रमांक नऊ हजारांच्या पुढे गेला.

"मग सातवा काय वाईट आहे?" प्रल्हाद म्हणाला.

सुलभा जागची हलली नाही. तिने डॉ. टिपणीसांना विचारले, "तुमचं यंत्र माणसंच का हलवतं? इथल्या खोल्या तर यारीनं उचलून ठेवता म्हणे."

खरेच होते. अरुणनगरातली प्रत्येक इमारत कारखान्यात घडवलेल्या सुट्या खोल्यांची होती. यारी एका दिवसात मजला हलवी. पण शाळा हलवायची मुभा यंत्राला कोणी दिलीच नव्हती. डॉ. टिपणीसांनी ती दिली. शाळा मंडळाला पटवणे आपल्याकडे, असेही सांगितले. थोड्याच वेळात नकाशावर तिसऱ्या विभागातली भलीमोठी शाळा विरघळली आणि तिच्या खोल्या बारा विभागांत जाऊन बसल्या. कुठल्याही घरापासून शाळा पाच मिनिटांवर.

"झालं तर," म्हणत प्रल्हादने पुन्हा पेन उघडले.

"आता माझं कॉलेज लिहा," सुलभा मुजावरांना म्हणाली. "जाऊन-येऊन."

मुजावरांनी लिहिले. हिरवा ठिपका सातव्या विभागातून निघाला आणि पाचव्यात थांबला. शाळा सगळीकडे सारखीच जवळ झाल्यावर घराची ओढ आईबापांच्या दोन ठिकाणांकडेच उरली होती.

"ताई, तुम्हाला बारा मिनिटं," मुजावर म्हणाले. "साहेब, तुम्हाला पस्तीस."

"दहाची पस्तीस?"

प्रल्हाद नकाशाकडे बघत राहिला. तनिष्का पाच मिनिटांच्या वाटेने एकटी येऊ-जाऊ शकत होती. पण दहा वाजता सुलभा वर्गात असणार होती, आणि बारालाही. त्याची पाळी दुपारी दोनची.

त्याने अर्ज स्वतःकडे ओढला आणि आपल्या रकान्यात कारखान्याच्या खाली लिहिले : 'ओजसची बालवाडी, सोडणे व आणणे. खेपा दोन.'

सुलभाने वाकून वाचले.

"दोन नाही, चार लिहा," ती म्हणाली. "त्याले सोडून घरी वापस याल ना?"