मागे न घेतलेली तक्रार

“मी तक्रार मागे घेतलेली नाही. घेणारही नाही!”

नव्या पुलावरच्या तरुण इंजिनीअर मुलीनं टेबलावर हात आपटला. गुप्तहेर ताई शांतपणे ऐकत होत्या. त्यांचे मदतनीस म्हणजे त्यांचेच दीर, भाऊजी. ते मात्र दचकले.

पुलाच्या खांबाला भेगा आहेत, असं तिनं वरिष्ठांना कळवलं होतं. काल तिच्याच लॅपटॉपवरून दुसरी मेल गेली: माझी चूक झाली, पूल भक्कम आहे.

“तेव्हा तू कुठं होतीस?” ताईंनी विचारलं.

“केबिनच्या दारात, बाहेर तोंड करून आईशी फोनवर बोलत. लॅपटॉप आत उघडाच होता. त्याला नेट माझ्याच फोनचं.”

“मग तर तूच अडकलीस की!” भाऊजी पुटपुटले.

तिघं दरीतल्या पुलावर गेली. केबिनबाहेर ताईंनी तिचा लॅपटॉप तिच्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडला आणि भाऊजींना तिला फोन करायला लावला. तिनं तो उचलताच पडद्यावरचं पान अर्ध्यातच अडकलं.

“भिकार नेटवर्क!” भाऊजी वैतागले.

ताईंनी हॉटस्पॉट बंद केला.

तिथं भेटलेला कामावरचा भांडारपाल म्हणाला, “मी काल मजुरांबरोबर खाली सळया उतरवत होतो. विचारा कुणालाही.” मजुरांनी माना डोलावल्या.

पुलाचा कंत्राटदार केबिनमध्ये स्वतःच्या लॅपटॉपसमोर बसला होता. लॅपटॉपच्या कडेला पेनड्राइव्हसारखं काहीतरी लुकलुकत होतं.

“इथं नेट फक्त हिच्या फोनचं. माझा फोन साधा, बटणांचा. ही दारात होती, नेट चालू होतं, मेल गेली. विषय संपला! आणि बघा, वरिष्ठांची मेल आत्ताच आलीय. उद्घाटन उद्याच.”

“आत्ताच?” ताई हसल्या. “हिचा हॉटस्पॉट तर मी मघाशीच बंद केला. मग तुमची मेल आली कशी?”

कंत्राटदाराचा हात त्या लुकलुकत्या वस्तूकडे गेला. ताईंनी ती आधीच काढून घेतली.

“भाऊजी, हे डोंगल. यात स्वतःचं वेगळं सिम असतं, त्यामुळे फोनशिवाय नेट मिळतं. इथला टॉवर जुना आहे. बोलणं सुरू झालं की हिच्या फोनचं नेट थांबतं, मघाशी पाहिलंत. म्हणजे ही बोलत असताना मेल हिच्या फोनवरून जाणं शक्यच नव्हतं.”

त्यांनी डोंगल इंजिनीअरच्या लॅपटॉपला लावलं. काहीही न विचारता ते क्षणात जोडलं गेलं.

“तू हे कधी लावलं होतंस?”

“आज पहिल्यांदाच बघतेय.”

“नवं डोंगल आधी सॉफ्टवेअर बसवायला सांगतं. पण तुझा लॅपटॉप याला ओळखतो. काल तू दारात असताना कुणीतरी ओळख करून दिली.”

कंत्राटदाराचा चेहरा उतरला, पण मस्ती उतरली नाही. “काय करायचं ते करा. उद्या गाड्या पुलावरून जाणारच.”

इंजिनीअरनं तक्रार पुन्हा पाठवली, स्वतःच्या नावानिशी. मग केबिनमधली खुर्ची उचलून पुलाच्या तोंडाशी मधोमध ठेवली आणि बसली.

भाऊजी दुसरी खुर्ची आणायला वळले.