लाल हरभरा

दिवाळीच्या सुट्टीत आष्टीचा बाजार म्हणजे आधी चांदपाशाचाचांचे गरम फुटाणे, मग बाकीचं जग! भावना आणि तिचा भाऊ सूरज याच बेतानं निघाले होते. पण आज चाचांच्या गाड्यावर चिटपाखरू नव्हतं. शेजारी उभी असलेली त्यांची नात आसिफा भावनाच्या वर्गातली, तरी ती मान वर करायला तयार नव्हती.

समोर गावातले शेतकरी तातेरावआबा जमलेल्या लोकांना मोबाइल दाखवत होते. व्हिडिओत दोन हात घमेल्यातल्या हरभऱ्याला लाल रंग चोळत होते. खाली लिहिलं होतं, 'बघा, ही माणसं आपल्याला काय खाऊ घालतात! यांच्याकडून काही घेऊ नका.'

काल पुरता न बघताच भावनानं हाच व्हिडिओ तीन ग्रुपवर पाठवला होता. त्या हातातली तांब्याची अंगठी तिला आज ओळखू आली. याच हातांनी चाचा दर बाजारी तिला मूठभर फुटाणे जास्तीचे घालायचे.

तिनं रडवेल्या आवाजात सूरजला हे सांगितलं. रडून काय उपयोग, नीट बघू, असं तो म्हणाला. दोघांनी व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला, तर कोपऱ्यात तिफण! पेरणीचं अवजार फुटाण्याच्या भट्टीपाशी कशाला येईल? आसिफानं सांगितलं, हे तर आमचं शेत. पण पोरांचं ऐकतो कोण? इतक्यात भावनाची नजर आबांच्या बोटांवर गेली.

"आबा, तुमची बोटं लाल कशानं झाली?"

"हरभरा पेरायचाय ना. सकाळीच बियाला औषध चोळलं," आबा बोलून गेले.

"मंग चाचा दुसरं काय करून राह्यले?" तिनं व्हिडिओतली तिफण पुढे धरली.

आबांनी हात धोतराला पुसला. रंग काही निघाला नाही.

आता भावनाला गुपचूप सटकता आलं असतं. पण आसिफा बघत होती.

"चाचा, हा व्हिडिओ मीबी पाठवला. चुकलं माझं." तिथंच उभं राहून तिनं तिन्ही ग्रुपवर स्वतःच्या नावानं खरं काय ते लिहिलं.

"पाठवणारे लई असतील, बेटा," चाचा म्हणाले. "सांगायला तू एकटी आली."

आबांनी सगळ्यांदेखत फुटाण्यांचा बकाणा भरला. पोरगी आपल्यापेक्षा शहाणी निघाली, हे त्यांनी चारचौघांत कबूल केलं. बघता बघता गाड्याभोवती गर्दी झाली.

चाचांनी भावनाच्या पुडीत नेहमीची जास्तीची मूठ घातली, आज तर दोनदा. इतकी वर्षं ती मूठ तिनं आपली हक्काची समजून खाल्ली होती.

"शुक्रिया, चाचा," ती पहिल्यांदाच म्हणाली, आणि पुडी आधी आसिफापुढे धरली.